हा व्हिडिओ कधीचा?

शिरपूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. घरच्या ग्रुपवर वडील आणि काका रोज दहा-बारा मेसेज पुढे ढकलतात. त्यांतले निम्मे खोटे किंवा अर्धवट असतात हे दिसतं, पण बोललं की वाद होतो. ‘तू दोन बुकं जास्त शिकलीस म्हणून आम्हाला शिकवतेस का’ इथपर्यंत गोष्ट जाते. त्या विचारतात, हे रोखणं सरकारचं आणि कंपन्यांचं काम नाही का? एकट्या माणसाने किती पुरे पडायचं? आणि खोटं नेमकं ओळखायचं कसं?

ताई, उत्तराआधी माझीच एक चूक सांगतो. एकतीस वर्षं मी जळगावच्या एका दैनिकात तालुक्यांहून येणाऱ्या बातम्या तपासल्या. निवृत्त झाल्यापासून शाळा, कॉलेजं, ग्रामसभा, जिथे बोलावतील तिथे जाऊन याच विषयावर बोलतो. त्यामुळे लोक मला जाणकार समजतात. तर या जाणकाराने तीन पावसाळ्यांपूर्वी काय केलं ते ऐका.

ऑगस्टचा महिना, सकाळपासून झड लागलेली. वर बऱ्हाणपूरकडे जोरदार पाऊस असल्याचं कानावर येत होतं. रात्री साडेनऊच्या सुमारास ओळखीच्या एकाने व्हिडिओ पाठवला. हतनूर धरणाचे दरवाजे उघडे, खाली तापी पिसाळलेली, कठड्यापाशी बघ्यांची गर्दी. सोबत एक ओळ: ‘हतनूरचे सर्व ४१ दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’ मी तो दोन ग्रुपवर टाकला. त्यातला एक ग्रुप तापीकाठच्या एका गावाचा. त्याच गावात आदल्या वर्षी मी अफवा कशा ओळखाव्यात यावर तासभर बोलून आलो होतो, नारळ-शाल घेऊन. आणि व्हिडिओ टाकताना मी पदरचे दोन शब्द घातले: ‘आत्ताच आलेला.’

गावाने माझ्यावर विश्वास ठेवला. रात्री अकरा वाजता, भर पावसात, लोकांनी काठावरच्या गोठ्यांतली गुरं सोडून वर आणली. नदीवरच्या पाण्याच्या मोटारी काढल्या. एक जण मोटार खांद्यावर घेऊन दरड चढताना घसरला आणि मनगट मोडून बसला. सकाळी पाहिलं तर नदी पावसाळ्यात असते तशीच, गढूळ आणि भरलेली, पण काठाच्या कितीतरी खाली. धरणाचे थोडेच दरवाजे उघडलेले होते.

मग मी तो व्हिडिओ नीट पाहिला. आदल्या रात्री सात-आठ सेकंद पाहिला असेल, आता चारदा पाहिला. कठड्यापाशी दोन पोरं उभी होती आणि दोघांच्याही हनुवटीवर मास्क लोंबत होते. कोरोनाच्या काळातला पूर होता तो.

धरण खरं, दरवाजे खरे, पाणी खरं. त्या वर्षी तो इशाराही बरोबरच असणार. बनावट होते फक्त ‘आत्ताच आलेला’ हे दोन शब्द, आणि ते कुठल्या टोळीने घातले नव्हते, मी घातले होते. मूळ मेसेजमध्ये तारीखच नव्हती. ती मोकळी जागा मला खुपली नाही, मी ती आपल्या मनाने भरून टाकली.

खरं म्हणजे त्या एका ओळीतच सगळं उघडं होतं. पाटबंधारे खात्याचा पुराचा निरोप मी आयुष्यभर छापला. त्यात किती दरवाजे उघडले हे असतं, ते किती मीटरने उघडले हे असतं, विसर्ग किती क्युसेक हे असतं, आणि नोंद किती वाजताची हे हमखास असतं, कारण दोन तासांनी तो आकडा बदलतो. माझ्या हातात आलेल्या ओळीत वेळ नव्हती. डेस्कवर असतो तर वार्ताहराला फोन करून म्हटलं असतं, ‘बाबा रे, कितीला?’ घरी पलंगावर बसून मी ते विचारलं नाही.

ओळखायचं कसं, याचं माझं निम्मं उत्तर या गोष्टीत आलं. फिरवाफिरवी करणारा माणूस सगळं खोटं रचत बसत नाही, ते कष्टाचं काम आहे आणि लवकर पकडलं जातं. तो खरी वस्तू उचलतो आणि भलत्या तारखेवर, भलत्या गावात, भलत्या माणसाच्या नावावर ठेवतो. म्हणून ‘हे खरं आहे का’ या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. धरणाकडे बघून हे खरं आहे का विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येणार. ‘हे कधीचं? कुठलं? पुढे-मागे काय होतं?’ असं विचारलं की शिवण उसवायला लागते.

पुढे-मागे काय होतं, यावरून आपल्या खान्देशाला जन्मभर पुरेल असा एक दाखला आहे. लिहायला नको वाटतं, पण टाळूनही चालणार नाही. २०१८च्या उन्हाळ्यात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ हा मजकूर त्याला प्रत्येक जिल्ह्यात नव्याने जोडला जायचा, त्या त्या गावाचं नाव घालून. तो व्हिडिओ कराचीतला होता आणि पालकांना सावध करायला मुद्दाम तयार केलेला होता. मूळ चित्रफितीत पुढच्याच क्षणी ते दोघे वळून येतात, पोर परत खाली ठेवतात आणि फलक दाखवतात: मूल पळवायला एवढासा वेळ पुरतो. कोणीतरी तो शेवट कापला. एवढीच कात्री. जनजागृतीचं रूपांतर पुराव्यात झालं.

त्याच हंगामात धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ला, रविवारी, आठवडे बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक सोलापूरकडची. एका लहान मुलीशी बोलले एवढ्यावरून संशय आला, असं तेव्हा बातम्यांत आलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारलं. त्या जमावातल्या कोणी कोणता मेसेज पाहिला होता हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मुलं पळवणाऱ्या टोळीची कुजबुज त्या भागात कित्येक दिवस फोनाफोनी चालू होती, हे आमच्या डेस्कवरही पोहोचलं होतं.

मला त्या प्रकरणात सगळ्यात जास्त छळते ती ही गोष्ट. पिंपळनेर-साक्रीकडे आठवडे बाजारात परका माणूस दिसणं यात नवल काही नाही. बहुरूपी, नंदीवाले, डवरी, घिसाडी, पिढ्यान्‌पिढ्या येतात आणि आयाबाया त्यांना सुपात धान्य घालतात. त्या रविवारीही तीच माणसं तसलीच झोळी घेऊन आली होती. बदललं होतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत आधीच बसलेलं चित्र. आणि ते चित्र बसवण्यात ज्यांचा हात होता, त्यांतले बहुतेक त्या दिवशी राईनपाड्यात नव्हतेच. कोणी धुळ्यात दुकानात बसला होता, कोणी नाशिकला, कोणी सुरतला. प्रत्येकाने ‘काळजी घ्या’ म्हणून एकेकदा बोट टेकवलं होतं, आणि त्यांच्यावर कुठला गुन्हा दाखल होणार नाही.

म्हणून ‘एकट्या माणसाने किती पुरे पडायचं’ या तुमच्या प्रश्नाला मी उलटा प्रश्न विचारतो: पसरवतं कोण? २०१८च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. ट्विटरवर अकरा वर्षांत फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा दूर आणि वेगाने गेल्या, हे अपेक्षितच होतं. मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. यंत्राने चालवलेली खाती वजा करूनही निकाल तोच राहिला. पसरवणारी माणसं होती, नवीन आणि थरारक काहीतरी आधी सांगण्याची हौस असलेली. म्हणजे तुम्ही, मी आणि तुमचे काका.

फोन नव्हते तेव्हा हे नव्हतं, असं मात्र म्हणू नका. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध प्यायले तेव्हा मी डेस्कवर होतो. व्हॉट्सअ‍ॅपचा जन्म व्हायला चौदा वर्षं होती, तरी दुपारपर्यंत देशभर बातमी गेली, ती घरातल्या काळ्या फोनवरून आणि एसटीडी बूथवरून. चमच्यातलं दूध मूर्तीला टेकलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी दूध रंगवून दाखवलं. आमच्या कार्यालयातले दोन जण तरीही वाटी घेऊन गेले होते. एक मीच.

भीतीवरच्या अफवांबद्दल सगळे बोलतात. आपल्या भागात जास्त नुकसान आशेच्या मेसेजांनी केलं, असं माझं मत आहे, आणि त्यांच्याबद्दल कोणी कार्यशाळा घेत नाही. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता. पुढच्या हंगामात कापूस घरात आला तेव्हा ‘थांबा, भाव १२ हजारांवर जाणार’ असे मेसेज धरणगाव-चोपड्यापासून शिंदखेड्यापर्यंत फिरत होते. जोडीला गेल्या वर्षीच्या पावत्यांचे फोटो, मुहूर्ताच्या खरेदीचे फोटो. मुहूर्ताला व्यापारी मिरवायला म्हणून एखाद-दोन क्विंटल चढ्या भावाने घेतो, पेढे वाटतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. पण फोटोतल्या आकड्याखाली ‘मुहूर्त’ हा शब्द नसला की तो बाजारभाव होऊन बसतो. माझ्या मेहुण्याने पुढल्या खोलीत छतापर्यंत कापूस रचला होता. घरात आठ महिने कापूस, पोरांच्या अंगाला खाज, पाहुणा आला तर ओट्यावर बसवायचा. भाव ७-८ हजारांच्या आसपास घुटमळत राहिला. शेवटी उन्हाळ्यात विकला, तोपर्यंत वजनही घटलं होतं.

यात खोटं कोण बोललं? पावती खरी होती, गेल्या वर्षीची. सगळ्यांनी मनापासून मेसेज पुढे पाठवले, कारण सगळ्यांना ते खरं व्हायला हवं होतं. मेहुण्याला मी विचारलं, ‘भाव पडणार, असे मेसेज आले नव्हते का?’ तो म्हणाला, ‘आले ना. पण ते व्यापाऱ्यांनी मुद्दाम पसरवलेले वाटले.’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. आपल्याला नको असलेल्या माहितीची आपण उलटतपासणी घेतो आणि हव्या असलेल्या माहितीला चहा पाजतो. म्हणून माझा स्वतःपुरता नियम असा की ज्या मेसेजने मन उड्या मारायला लागतं, त्याचीच आधी तारीख बघायची. संतापाने मारो की आनंदाने.

आता नवापूर. हे प्रकरण दोन्ही बाजूंनी शिकवतं. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या. ते खरं होतं. २०२०च्या सुरुवातीला ‘चिकनमधून कोरोना होतो’ असं पसरलं, आणि ते साफ खोटं होतं. पण नवापूरची आठवण ताजी, त्यामुळे आपल्याकडे ते चटकन पटलं. चिकनचे भाव कोसळले, काही ठिकाणी पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या फुकट वाटून टाकल्या. मग पुढच्याच वर्षी, २०२१च्या फेब्रुवारीत, नवापुरात बर्ड फ्लू खरोखर परत आला. तेव्हा माझ्या ओळखीची शहाणी माणसं काय म्हणाली? ‘जाऊ द्या, मागच्यासारखीच अफवा असणार.’

इथे थोडं थांबतो, कारण माझ्या धंद्यातल्या लोकांनाही हे उशिरा कळलं. खोट्यावर विश्वास ठेवणं हा तोट्याचा एक प्रकार झाला. वारंवार फसून ‘आता कशावरच विश्वास नाही’ असं ठरवून बसणं हा दुसरा, आणि लबाडाला हा जास्त सोयीचा. ज्याला काही लपवायचं आहे त्याला तुम्ही त्याचं खोटं मानलंच पाहिजे असं नाही. सगळेच खोटं बोलतात म्हणून तुम्ही खऱ्याकडेही पाठ फिरवली की त्याचं काम झालं. ‘सगळे चोर आहेत’ असं म्हणणारा माणूस स्वतःला सावध समजतो. माझ्या मते तो पूर्ण फसलेला असतो.

वर्तमानपत्रं यात धुतल्या तांदळासारखी आहेत असं मी म्हणणार नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीत ‘पेड न्यूज’ हा शब्द महाराष्ट्रात पानपट्टीपर्यंत पोहोचला, प्रेस कौन्सिलला चौकशीसाठी उपसमिती नेमावी लागली. जाहिरात बातमीच्या टाइपात छापली की वाचणारा फसतो, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. तेव्हा ‘पेपरात आलंय’ हेही पुरेसं नाही. निदान दोन ठिकाणी बघा, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांचीच नक्कल तर करत नाहीत ना, तेही बघा. एकच एजन्सीची बातमी पाच पोर्टलवर दिसली म्हणजे पाच साक्षीदार झाले नाहीत.

सरकार आणि कंपन्या काय करतात, ते थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकंच आहे. २०१८च्या त्या उन्हाळ्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, मेसेज फॉरवर्ड झालेला आहे अशी खूण आणली. २०२०मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. वर दोन बाण दिसले की समजायचं, हा मेसेज बऱ्याच हातांतून आलाय. त्याचा उपयोग आहे. पण माझ्या त्या हतनूरच्या व्हिडिओवर बाणच नव्हता. ज्याने पाठवला त्याने फोनमध्ये उतरवून घेऊन नव्याने टाकला होता. कायदाही आहे, लोकांत घबराट पसरवणाऱ्या खोट्या माहितीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला उगाच धास्ती असते, म्हणून सांगतो: सदस्याने टाकलेल्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये सांगितलं. आणि सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवावं, असा नियम केंद्राने केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केला. मला तो निकाल पटला. खरं काय हे ठरवायचं काम सोयीसाठी एकाच्या हाती द्यायचं, आणि तोच एका बाजूचा पक्षकार, हे बरं नव्हे. पण मग ते काम फिरून आपल्याच अंगणात येऊन पडतं, तेही मान्य करायला हवं.

आवाज आणि चेहरा बनवणारी यंत्रं आल्यावर काय, असं हल्ली प्रत्येक शाळेत मुलं विचारतात. मी त्यांना अमळनेरकडच्या एका फुईची गोष्ट सांगतो. फुई म्हणजे वडिलांची बहीण, आपल्याकडे आत्या कोणी म्हणत नाही. तिला पुण्यातल्या भाच्याचा फोन आला. आवाज हुबेहूब त्याचा. अपघात झालाय, समोरच्याला लागलंय, पोलीस बसलेत, पन्नास हजार लगेच पाठव, आणि बाबांना सांगू नकोस. फुईचे हात कापायला लागले. पण तोंडातून सवयीने निघून गेलं, ‘कोठे शे रे तू? कोन शे तुनासंगे?’ पलीकडून उत्तर आलं, ‘आत्या, मी हॉस्पिटलमध्ये आहे, तू वेळ घालवू नकोस.’ आत्या! चाळीस वर्षांच्या भाच्याने जन्मात तिला आत्या म्हटलं नव्हतं, आणि अहिराणी सोडून एक वाक्य तिच्याशी बोलला नव्हता. तिने फोन ठेवला आणि त्याच्या नंबरवर स्वतः लावला. तो ऑफिसात डबा खात होता.

मुलं हसतात, अहिराणीने वाचवलं म्हणून टाळ्या पडतात. मी सांगतो, उद्या यंत्र अहिराणीही शिकेल, त्यावर भिस्त ठेवू नका. फुईने दुसरी एक गोष्ट केली ती टिकाऊ आहे. आलेल्या फोनवर बोलत न बसता तिने आपल्याकडच्या नंबरवर फोन केला. ‘डिजिटल अरेस्ट’वाले असोत की बँकेचे खोटे साहेब, त्यांची तीन हत्यारं ठरलेली: भीती, घाई आणि ‘कोणाला सांगू नका’. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जिथे गुपित ठेवायला सांगतात तिथे शेजाऱ्याला हाक मारायची. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कुठल्याही कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. हे तुमच्या वर्गातल्या मुलांकडून घरोघरी पोहोचवा, पालकसभेपेक्षा लवकर पोहोचेल.

आता तुमचे वडील आणि काका. खरा प्रश्न हाच आहे, मला कळतंय.

ग्रुपवर चुकूनही दुरुस्ती करू नका. निदान पहिल्यांदा तरी नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला तीस नातेवाइकांसमोर, त्यात जावई आणि व्याही, ‘हे खोटं आहे’ म्हटलं की विषय मेसेजचा राहत नाही, पगडीचा होतो. मग तो ते खोटं शेवटपर्यंत धरून बसतो, कारण सोडलं तर पगडी जाते. फॅक्ट चेकची लिंक फेकून मारणं हाही त्याचाच प्रकार. लिंक कोणी उघडत नाही, तिच्यातला टोला मात्र बरोबर पोहोचतो.

आमच्या घरात नाना आहेत, माझे थोरले चुलतभाऊ, वय सत्त्याहत्तर. त्यांच्याशी मी दोन वर्षं भांडलो आणि हरलो. मग एकदा जेवताना सहज विचारलं, ‘नाना, हाई कोनी धाडं तुमले?’

‘तो बँकवाला जावाई शे ना, त्यानी.’

‘आनि त्याले कोनी धाडं?’

नाना भाकरी मोडता मोडता थांबले. ‘आते ते माले काय माहीत भो.’ मग जरा वेळाने, स्वतःशीच, ‘पुसी दखस.’ विचारून बघतो. आणि खरंच त्यांनी जावयाला फोन केला. जावई म्हणाला, साडूने पाठवला. साडू म्हणाला, कुठल्यातरी ग्रुपवर आला होता. संध्याकाळी नाना मला म्हणाले, ‘कोनलेच माहीत नही रे.’ तो मेसेज त्यांनी आपल्या हाताने काढला. मी एक शब्द बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणूनच ते झालं.

पिढ्यान्‌पिढ्या गावात हेच चालत आलंय. बैल घ्यायचा, सोयरीक जमवायची, तर माणूस चार ठिकाणी विचारून येतोच. मुलगा कसा आहे, दारू पितो का, शेत किती, त्यावर बोजा आहे का. कोणी ‘मुलगा सोन्यासारखा आहे’ म्हटलं तर आपण पहिलं काय बघतो? सांगणारा कोणाचा कोण लागतो. तुमच्या वडिलांना हे सगळं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. फोनमधला मेसेज हीही सोयरीकच आहे, एवढं त्यांच्या मनात आलं की पुरे. त्यांना शिकवू नका. त्यांना चौकशीला पाठवा.

वेळ लागतो. नाना अजूनही महिन्यातून दोन-तीनदा काहीतरी ढकलतातच, आणि मी तीनपैकी दोन वेळा गप्प बसतो. दूध-हळदीच्या काढ्यासाठी मी जीव आटवत नाही. ज्या मेसेजमुळे कोणाचं औषध बंद होईल, कोणावर हात उगारला जाईल, कोणाचे पैसे जातील, तेवढ्यालाच उठतो. सगळं तपासायला गेलात तर तुम्ही महिनाभरात थकाल आणि मग काहीच तपासणार नाही. मी स्वतः दिवसाला एखादी गोष्ट तपासतो, जास्त नाही. बाकीचं पुढे पाठवत नाही, एवढंच. ते फुकट आहे, नेट लागत नाही आणि कोणाशी भांडण होत नाही.

आणि चुकलो तर? चूक जिथे पाठवली तिथेच दुरुस्ती पाठवायची, त्याच ग्रुपवर, तेवढ्याच मोठ्या आवाजात. डेस्कवर आमची खोड अशी की पहिल्या पानावर चुकायचं आणि दिलगिरी सातव्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली. लोकांना ते दिसायचं. मेसेज गुपचूप डिलीट करणं म्हणजे तेच सातवं पान. हतनूरच्या सकाळी मी त्या गावाच्या ग्रुपवर लिहिलं: ‘काल रात्रीचा व्हिडिओ जुना आहे. “आत्ताच आलेला” हे शब्द माझे होते. मी तपासलं नाही. माझ्यामुळे त्रास झाला.’ पाठवायला अर्धा तास लागला, अंगठा खाली येईना. दुपारी एसटीने गावात गेलो, मनगटवाल्याच्या घरी. प्लास्टर घातलेलं. त्याची आई बोलली नाही माझ्याशी. चहा आला, पण तिने स्वतः आणला नाही, नातवाच्या हाती पाठवला.

त्याला आता तीन पावसाळे झाले. तो व्हिडिओ मेलेला नाही, दर वर्षी झड लागली की कुठून तरी वर येतो, आवाज बदललेला, कधी खाली दुसऱ्याच धरणाचं नाव. यंदा जुलैत पहिल्यांदा आला तेव्हा मला पाठवणारा तोच होता, मनगटवाला. खाली त्याने लिहिलं होतं, ‘भाऊ, तुमचा व्हिडिओ वना. पोऱ्यासना मास्क अजून तठेच शेतस.’